पत्ता माझा, मालक सर

इंटरनेटवरच्या ज्या पत्त्यावर माझा धंदा उभा होता तो पत्ता मी इथे लिहिणार नाही. तो आज भलत्याच कुणाच्या ताब्यात आहे आणि तिथे जाऊन कुणी बघावं असं त्यावर काही नाही. एवढंच सांगते की त्यात ‘नऊवारी’ हा शब्द होता, तो मी निवडला होता, आणि तो गेला तेव्हा मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी वाढले दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. बाबा केंद्र सरकारात नोकरीला होते. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की बाजार: कापड, लेस, बटणं, सगळं हाताशी. लग्न होऊन काही वर्षांनी नवऱ्याला एका परदेशी कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही गुडगावला राहायला गेलो. तेव्हा त्याला कुणी गुरुग्राम म्हणत नसे. आठव्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून एका बाजूला काचेचे टॉवर दिसत आणि दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत. नवऱ्याला न्यायला कंपनीची गाडी यायची. मला दोऱ्याचं एक रीळ आणायचं तर रिक्षावाल्याची मनधरणी करावी लागे, कारण परतीचं भाडं मिळणार नाही म्हणून तिकडे यायला कुणी तयारच नसे.

शिवलेल्या नऊवारीचा उद्योग गणपतीत सुरू झाला. आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळात दरवर्षी मुलींचा नाच असायचा, आणि दिल्लीत जन्मलेल्या त्या मुलींना नऊवारी नेसता येत नसे. आई एकटी सगळ्यांना नेसवायची. पडद्यामागे वाकून वाकून तिची कंबर धरायची, आणि तरी दोन गिरक्यांत कुणाचा तरी काष्टा सुटायचाच. मी पॉलिटेक्निकमधून शिवणाचा डिप्लोमा केला होता. एका वर्षी मी एक नऊवारी कापून अशी शिवली की पायजम्यासारखी चढवायची, नाडी बांधायची आणि पदर खांद्यावर टाकायचा. मुली वेड्या झाल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या आया आल्या, मग लग्नघरं आली. मग कुणाची तरी अमेरिकेतली बहीण आली आणि एकदम चार शिवून घेऊन गेली. तिच्या मैत्रिणींचे तिकडून फोन यायला लागले. कंबर किती, उंची किती, हे ओरडून विचारेपर्यंत लाइन तुटायची.

त्यातलीच एक जण म्हणाली, “अहो, तुमची वेबसाइट नाही का? मापं तिथे भरली असती, रंग बघितले असते.”

मला ते पटलं. मी चौकशी केली. आमच्या सोसायटीतल्या एकांनी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातल्या एका दुकानवजा कंपनीचा नंबर दिला. फोन लावला. तिकडच्या मुलाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर कब घर पर होते हैं?”

“कामाचं तर मीच बोलणार आहे,” मी हिंदीत सांगितलं.

“हां मॅडम, वो तो है. फिर भी सर रहेंगे तो अच्छा रहेगा.”

तो शनिवारी आला. टाय, चकचकीत बूट, हातात फाइल. आमच्या बैठकीत मी आणि नवरा शेजारी शेजारी बसलो होतो, समोर मी शिवलेल्या साड्या मांडून ठेवल्या होत्या, आणि तो माणूस तासभर माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत बघून बोलत होता. सर्व्हर किती वेळ चालू राहतो, एका वेळी किती लोक साइट बघू शकतात, जागा किती मिळते, सगळं त्याला. नवऱ्याला त्यातलं माझ्याइतकंच कळत होतं, पण तो गंभीरपणे मान हलवत होता. माझ्याकडे वळला की त्या माणसाचा आवाज बदलायचा. “मॅडम, ऐसे समझिए, होस्टिंग मतलब प्लॉट. उस पर आपका मकान बनेगा. और डोमेन मतलब गेट पर नेमप्लेट.” बालवाडीतल्या मुलाला सांगावं तसं.

“प्लॉट किसका होगा?” मी विचारलं.

तो हसला. नवरापण हसला. मी विनोद केला नव्हता.

मग नावाची पाळी आली. नऊवारी हा शब्द त्याने कधी ऐकलाच नव्हता. “नौ बार? मतलब क्या नौ बार?” मी सांगितलं, नऊ वार, लांबीचं माप. त्याला ते काही रुचलं नाही. त्याच्या मते नावात इंडियन असावं, सारी असावं, वर्ल्ड असावं. “फॉरेनवाला यही सर्च करेगा, सर.” मी म्हटलं, माझी गिऱ्हाइकं फॉरेनवाली नाहीत, नागपूर-पुण्याच्या मुली आहेत, फक्त राहतात तिकडे, आणि त्या नऊवारीच शोधतील. मग इंग्रजीत स्पेलिंग कसं करायचं यावर अर्धा तास गेला. व्ही की डब्ल्यू? ए नंतर यू की नाही? मी कागदावर सगळे प्रकार लिहिले आणि त्या अमेरिकेतल्या बाईला फोन करून विचारलं, तुम्ही कसं लिहाल? ती म्हणाली व्ही. मी व्हीवर बोट ठेवलं. माझ्या धंद्याचं नाव असं ठरलं. त्या दिवशी मला एवढा आनंद झाला की मी उठून चहा ठेवायला गेले.

त्या चहाने घात केला. मी स्वयंपाकघरात होते तेव्हा त्या माणसाने नवऱ्याला म्हटलं, सर, आपका कार्ड दे दीजिए, रजिस्ट्रेशन के लिए. नवऱ्याने खिशातलं ऑफिसचं व्हिजिटिंग कार्ड काढून दिलं. डोमेन नोंदलं गेलं त्याच्या नावावर, आणि त्यासोबत ईमेल गेला त्याच्या कंपनीचा. मला हे कुणीही सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्या दोघांपैकी एकालाही वाटलं नाही, एवढंच. आणि मला अजूनही सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

साइट झाली, आणि छान झाली. फोटो आम्ही सोसायटीच्या गच्चीवर काढले. आई हिरवी पैठणी नेसून उभी राहिली आणि तिच्या पदराला वारा लागू नये म्हणून मी खाली बसून तो धरून ठेवला. मापांचं पान मी स्वतः लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत, कारण फीत कुठे धरायची हे त्या नेहरू प्लेसवाल्यांना कुठून कळणार? ऑर्डरी यायला लागल्या. टोरांटो, लंडन, सिंगापूर. सरोजिनी नगरच्या मागच्या गल्लीतल्या शिंपी मास्टरजींना मी कायमचं कामाला लावलं. दिल्लीतल्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात दिवाळीचा मेळा भरायचा, तिथे मी स्टॉल लावला आणि कापडी फलकावर साइटचा पत्ता मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला. लोक तो वाचून जात आणि घरी जाऊन उघडत. मधल्या काळात नवऱ्याच्या कंपनीने दिल्लीचं ऑफिस बंद केलं आणि त्याने दुसरी नोकरी धरली. त्याचा आणि माझ्या साड्यांचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग लग्नसराईच्या तोंडावर अमेरिकेतून एका मुलीचा फोन आला. “काकू, साइट उघडत नाहीये. काहीतरी इंग्रजीत लिहिलंय, मुदत संपली म्हणून.”

मी नेहरू प्लेसला फोन लावला. पत्ता सांगितला, अडचण सांगितली. फोनवर नवीन कुणीतरी होता. कीबोर्डचा आवाज आला आणि मग तो म्हणाला, “मॅडम, ये डोमेन आपके नाम पर नहीं है.”

“माझ्या धंद्याची साइट आहे. माझं नाव आहे त्यावर, माझा फोन आहे.”

“ओनर कोई सर हैं.” त्याने माझ्या नवऱ्याचं नाव वाचून दाखवलं. “हम सिर्फ ओनर से बात कर सकते हैं. सर से फोन करवा दीजिए.”

मी फोन ठेवला आणि समोरच्या कटिंगच्या टेबलाकडे बघत बसले. त्यावर एक अर्धवट कापलेली साडी पडली होती. तिला हात लावायचीसुद्धा मला इच्छा होईना.

नवरा तेव्हा कामासाठी हैदराबादला होता. मी त्याला कळवलं. तो म्हणाला, “हात्तिच्या, एवढंच ना? मी बोलतो, दोन मिनिटांचं काम आहे.” त्याने तिथून फोन केला आणि लगेच मला सांगितलं, “झालं. ‘हो जाएगा सर’ म्हणाला. एक मेल पाठवतोय, तेवढं झालं की चालू.”

“कुठे पाठवतोय मेल?”

“मला पाठवेल ना. तू कशाला काळजी करतेस? थांब जरा.”

मी थांबले. मेल आलाच नाही, कारण तो गेला होता त्याच्या जुन्या कंपनीच्या पत्त्यावर, जिथे आता वाचायला कुणी नव्हतं. मुदत संपण्याआधीची सगळी पत्रंही तिथेच गेली होती. त्याने पुन्हा फोन केला, पुन्हा ‘हो जाएगा सर’ ऐकलं आणि पुन्हा मला थांबायला सांगितलं. मी स्वतः फोन केला की, “मॅडम, सर से बात हो गई है.”

मग एके दिवशी दुपारी आईचा फोन आला. आवाज पडलेला होता. आमच्या क्वार्टरमधल्या जुन्या शेजारीण काकूंनी त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी माझी साइट उघडली होती. मुलीसमोर, होणाऱ्या व्याह्यांसमोर. “अगं, तिथे काहीतरी घाणेरडी चित्रं आहेत म्हणे. बायकांची. तुझ्याच पत्त्यावर. तू बघितलंस का?”

मी कॉम्प्युटर लावला. मॉडेम किंचाळून किंचाळून जोडला गेला. पान वरून खाली हळूहळू उघडत गेलं, आणि मी ते पूर्ण उघडायच्या आतच बंद केलं. जिथे माझ्या आईचा हिरव्या पैठणीतला फोटो होता, तिथे ते होतं. नाव मोकळं झालं होतं आणि जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या कुणीतरी ते उचललं होतं.

मी पर्स घेतली, खाली उतरले आणि मिळेल त्या गाडीने नेहरू प्लेस गाठलं.

तिथे पहिल्या मजल्यावर, फोटोकॉपीच्या दुकानांच्या वर, त्यांची एक खोली होती. तोच टायवाला माणूस बसला होता. मला ओळखून त्याने माझ्या मागे दरवाजाकडे बघितलं. “सर नहीं आए?”

त्याक्षणी माझा तोल गेला. मी हिंदीत सुरुवात केली आणि मराठीत कधी गेले ते मला कळलं नाही. सर येणार नाहीत. सरांना काष्टा कुठे शिवायचा ते माहीत नाही. सरांनी एक टाका घातलेला नाही. साड्या माझ्या, गिऱ्हाइकं माझी, तुम्हाला पैसे दिले ते माझ्या शिवणाचे, आणि नाव सरांचं? कोणी सांगितलं तुम्हाला? मी सांगितलं? खोलीतली बाकीची मुलं मान खाली घालून बसली होती.

तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, सर ने कार्ड दिया था.”

“और मुझसे पूछा?”

“फॅमिली में तो एक ही बात है ना, मॅडम.”

मग कळलं ते असं. माझं नाव वाचवायला त्यांना नावांची नोंद ठेवणाऱ्या वरच्या मोठ्या कंपनीकडे विनंती पाठवायची होती. ती पाठवायची तर मालकाने जुन्या ईमेलवरून हो म्हणायला हवं होतं. जुना ईमेल बंद आहे हे त्यांना नवऱ्याने दुसऱ्या फोनवर सांगितलं होतं. त्यावर त्यांनी काय केलं? नवा पत्ता घेतला नाही, मला फोन केला नाही. बंद ईमेलवरच आणखी एक मेल पाठवला आणि काम झालं असं मानलं. “हो जाएगा सर” याचा अर्थ एवढाच होता. माणूस सर असो नाहीतर मॅडम, त्यांना कुणाचंच काही पडलेलं नव्हतं. फरक इतकाच की सरांना गोड आवाजात फसवत होते आणि मला दारातच उभं करत होते.

नाव परत मिळणार नाही, हे त्याने सांगितलं. मग मी म्हटलं, माझी साइट द्या. फोटो, मापांचं पान, मी लिहिलेला प्रत्येक शब्द. ते तर तुमच्या प्लॉटवर आहे ना?

“उसके लिए सर का पासवर्ड…”

मी खुर्ची ओढली आणि बसले. म्हटलं, सीडी हातात पडल्याशिवाय मी उठणार नाही. तो म्हणाला, टेक्निकलवाला जेवायला गेलाय. मी म्हटलं, जेवू द्या. लोक येत होते, जात होते. नवीन गिऱ्हाइकं यायची आणि तो त्यांना तेच प्लॉट आणि नेमप्लेट सांगायला लागायचा. मी त्यांच्याकडे वळून म्हणायची, “नेमप्लेट किसके नाम पर लगेगी, पहले ये पूछिए.” दोन जण माझ्याकडे बघून निघून गेले. तिसरा आला तेव्हा टायवाला आत गेला, आणि थोड्या वेळाने सीडी माझ्या हातात होती.

नवरा हैदराबादहून परतला तेव्हा त्याने आधी माझी बाजू घेतली. त्या कंपनीला नावं ठेवली, ग्राहक मंचात जाऊ म्हणाला. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, “कार्ड का दिलंस?”

“मागितलं म्हणून दिलं.”

“माझं नाव सांगावंसं नाही वाटलं?”

“अगं, त्यात काय एवढं? मी काय परका आहे? उद्या म्हणशील फ्लॅट का माझ्या नावावर आहे.”

“हो, तेही विचारणार आहे.”

त्याने हातातली बॅग खाली ठेवली. त्याला खरंच समजत नव्हतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तो वाईट माणूस नाही. माझ्या सामानाचे गठ्ठे त्याने आठव्या मजल्यावर वाहून आणलेत, लिफ्ट बंद असताना. पण त्या दिवशी त्याने ज्या सहजपणे विचारलं, त्यात काय एवढं, त्या सहजपणाची मला चीड आली आणि मी ती लपवली नाही. आम्ही बरेच दिवस कामापुरतंच बोलत होतो. शेवटी तो एका सकाळी म्हणाला, “मला विचारायला हवं होतं. तुला विचारायला हवं होतं, म्हणजे.” एवढंच. त्या दिवशी मी दोघांचा चहा एकत्र केला.

आई मात्र त्या फोननंतर मला एका शब्दानेही रागावली नाही. बस बदलून गुडगावला आली, सोफ्यावर बसली आणि म्हणाली, “नंबर दे सगळ्यांचे. आपण सांगू, आपण होऊन सांगू. लोक बोलायच्या आत.” आम्ही दोघींनी आळीपाळीने फोन केले. शेजारीण काकूंना तिने स्वतः सांगितलं, “पत्ता चोरीला गेलाय हो. पोरीचा काही दोष नाही.” काही जणी हसल्या, काही चुकचुकल्या. एकीने ऑर्डर रद्द केली. तिच्या सासूला ते चित्र दिसलं होतं.

साइटसाठी नवी जागा मी एकटीने शोधली. घरचा मॉडेम फार हळू म्हणून सायबर कॅफेत बसून वाचलं, फोन केले, आणि प्रत्येकाला तेच विचारलं: नाव कुणाच्या नावावर राहील, मुदतीची सूचना कुणाला जाईल, मी तुम्हाला सोडून गेले तर माझं सामान मला देणार की नाही? बहुतेकांना हे प्रश्न आवडले नाहीत. एकाने विचारलं, “सर क्या करते हैं?” मी फोन ठेवला.

मग एका कंपनीत एका बाईने फोन घेतला. आवाजावरून माझ्याच वयाची असावी. माझा पहिला प्रश्न ऐकून ती जरा गोंधळली. “आपके नाम पर ही होगा मॅडम. बिझनेस आपका है ना? और किसके नाम पर होगा?”

मी तिला लगेच स्पेलिंग सांगायला लागले.

नवीन नावात मी आधीचा शब्द ठेवला, फक्त त्याच्यापुढचा बदलला. मेळ्याचा कापडी फलक पुन्हा रंगवून घेतला. मापांचं पान त्या सीडीवरून जसंच्या तसं उचललं. आईने नव्या फोटोसाठी उभं राहायला नकार दिला, आणि मीही आग्रह केला नाही. पहिली ऑर्डर यायला वेळ लागला. आली ती मेलबर्नहून, एका मुलीची. तिने मापं पूर्ण चुकीची भरली होती आणि मला तिला दोनदा फोन करावा लागला.

जुना पत्ता मी अजूनही अधूनमधून उघडते. हल्ली तिथे कुठल्यातरी परक्या लिपीत घोड्यांच्या शर्यतींच्या जाहिराती असतात. नवरा म्हणतो, सोड आता, धंदा चाललाय ना? चाललाय. पण व्हीवर बोट ठेवून जे नाव मी निवडलं, ते मला न विचारता एखाद्याच्या नावावर करता येतं आणि दुसऱ्याला उचलता येतं, याचा राग माझ्या मनातून जात नाही. जावा असं मला वाटतही नाही.